वाढतात, पण दिसत नाहीत

मंडळी, आजचा विषय अगदी घरगुती आहे, पण सांगणार आहे तो इतिहासाच्या वाटेने. काय करणार, सवय जात नाही! आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवल्यावर कुठलीही वस्तू समोर आली की "ही आली कुठून?" हा प्रश्न आधी पडतो. तर विषय आहे कुरळे केस आणि त्यांची लांबी.

आमच्या घराण्यात कुरळे केस पिढीजात आहेत. हे लिखाण निम्मे नातेवाईकच वाचतात, त्यामुळे थापा मारायची सोय नाही. आजीचे, आईचे, माझे आणि आता नातीचे, चार पिढ्यांचे केस सारखे आणि चारही पिढ्यांची तक्रारही सारखीच: केस वाढतच नाहीत! न्हाऊन उठल्यावर कमरेला टेकणारे केस वाळले की खांद्यावर येऊन बसतात. लहानपणी मी ही तक्रार घेऊन गेले की आजी म्हणायची, "वाढतत गो बाये, पण दिसनत नाय." आणि एक बट हातात धरून, ताणून दाखवायची. पुढे वाचत गेले तसे लक्षात आले की आजीच्या या एका वाक्यात पुष्कळ शास्त्र आहे, आणि थोडा समाजाचा इतिहाससुद्धा.

आधी शास्त्र. मी बी.ए.ची बाई, त्यामुळे मला झेपले तेवढेच सांगते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या आत दोन प्रकारचे बंध असतात. एक पक्के, गंधकाचे. दुसरे कच्चे, हायड्रोजनचे. पाणी लागले की कच्चे बंध सुटतात, केस सैल पडतो आणि पाण्याच्या भाराने खाली ओढला जातो. कोरडा केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पिऊ शकतो, म्हणजे भार काही कमी नसतो. वाळताना कच्चे बंध पुन्हा जुळतात, आणि जन्माने मिळालेल्या वळणातच जुळतात. स्प्रिंग सोडल्यासारखे केस वर जातात. लांबी कुठे जात नाही, ती वळणांत गुंडाळून राहते. माझीच एक बट मी फूटपट्टीवर मोजली आहे. ताणली तर १८ इंच, सोडली तर ११. सात इंच घरातच आहेत, फक्त दिसत नाहीत.

यातली एक गंमत मला फार आवडते. जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७८३ साली हवेतला ओलावा मोजण्याच्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. त्या यंत्रात मोजायला काय होते? माणसाचा एक केस! हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो, आणि त्याला जोडलेला काटा फिरतो. हवा पूर्ण कोरडी असताना आणि पूर्ण दमट असताना केसाच्या लांबीत साधारण दोन ते अडीच टक्के फरक पडतो. केसांवर चालणारी अशी यंत्रे पुढे जगभरच्या वेधशाळांत कितीतरी वर्षे वापरात होती. आता बघा, आमच्या मालवणात पावसाळ्यात काय होते? जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, समुद्र दाराशी, हवा ओलीचिंब. त्या हवेत प्रत्येक केस सोस्यूरच्या नियमाने किंचित लांबच होत असतो, आणि तरी आरशात बघावे तर केस आणखी आखूड आणि पिंजारलेले! कारण हवेतला ओलावा केसात शिरतो, कच्चे बंध हलतात आणि वळण जास्त घट्ट होते. केस लांबतो, पण बट आखडते. एकाच वेळी दोन्ही खरे.

आता दुसरा प्रश्न. दिसत नाही ती लांबी सोडा, पण खरोखरची लांबी का वाढत नाही? याला मी शाळेतले हौदाचे गणित लावते. तुम्हाला आठवत असेल, एक तोटी हौद भरते, दुसरी रिकामा करते, हौद किती तासांत भरेल? डोक्यावरचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला पंधरा. एक केस दोन ते सहा वर्षे वाढतो आणि मग गळून जातो. पाच वर्षे जगलेला केस पंच्याहत्तर सेंटिमीटर व्हायला हवा. तो होत नाही, कारण टोकाकडून तुटत असतो. वरून महिन्याला सव्वा सेंटिमीटर येते आणि खाली तेवढेच तुटून जाते. हौद आहे तेवढाच. कुरळ्या केसाची अडचण अशी की प्रत्येक वळण ही एक कमजोर जागा असते, आणि टाळूचे तेल वळणावळणाच्या वाटेने टोकापर्यंत पोचत नाही. टोके कोरडी, म्हणून गुंता जास्त, आणि गुंता सोडवताना तुटणे जास्त. म्हणजे कुरळे केस लांब ठेवायचे तर "वाढवायचे" काही नसते. खालची तोटी बंद करायची असते.

ही तोटी बंद करायची कला आमच्या किनाऱ्यावरच्या बायकांना ठाऊक होती. माझ्या लहानपणी (तेव्हा आमचा तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता, सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला) न्हाण्याचा दिवस हा एक सोहळाच असे. आदल्या रात्री नाहीतर पहाटे डोक्याला तेल. घरात आवेल काढलेले असे. नव्या मंडळींसाठी सांगते, नारळाच्या रसाला मंद आचेवर आटवून जे तेल सुटते ते आवेल. खाली राहिलेला तांबूस गाळ आम्ही मुले गुळाबरोबर खाऊन टाकायचो. तेल जिरल्यावर शिकेकाई. कुरळ्या केसांना त्यातच जास्वंदीची पाने चोळून काढलेला बुळबुळीत रस. तो रस लावला की बोटे केसांतून आपोआप खाली येत. गुंता तिथेच, ओल्या केसांत, बोटांनी सोडवायचा आणि टोकाकडून सुरुवात करायची. फणी उवांसाठी, केस विंचरायला मोठ्या दातांचा कंगवा. मग पंचाने टिपून घ्यायचे, खसाखसा पुसायचे नाही.

आमची एक पुण्याची काकू नवी लग्न होऊन आली तेव्हा तिने आजीला विचारले, "तेलात माका घालता का हो?" माका म्हणजे भृंगराज. पण मालवणीत "माका" म्हणजे "मला"! आजी म्हणाली, "तुका गो तेलात कित्याक घालू?" पुढे कितीतरी वर्षे हा विनोद घरात चालला.

केस अर्धवट वाळले की वेणी. आणि इथे दोन शब्द मुद्दाम सांगून ठेवते, कारण नव्या मुलींना ते माहीत नसतात. एक आगवळ, म्हणजे वेणी बांधायची दोरी. आजी ही दोरी नुसती शेवटाला बांधत नसे. वेणीच्या खालच्या भागाभोवती गुंडाळत न्यायची, त्यामुळे टोके झाकली जात आणि केस ताणलेलेच वाळत. सकाळी सोडले की चार-पाच बोटे जास्त लांब. दुसरा शब्द गंगावन, म्हणजे वेणीत मिसळायचा वरचा केसांचा झुपका. ज्यांची लांबी वळणांतच अडकायची त्यांचा अंबाडा गंगावनाने भरायचा. लग्नाकार्यात किती अंबाडे खरे आणि किती उसने, हे फक्त न्हावू-माखू घालणाऱ्या आतेला ठाऊक असायचे!

काही वर्षांपूर्वी मी नायजेरियातल्या केशरचनांची छायाचित्रे पाहिली. ओजेइकेरे नावाच्या छायाचित्रकाराने १९६८ पासून तिथल्या बायकांचे केस टिपायला सुरुवात केली आणि कितीतरी वर्षे तेच काम केले. त्यात केसांच्या बटांना काळा दोरा गुंडाळून उभ्या केलेल्या रचना आहेत. तिथले केस आपल्याहून कितीतरी दाट वळणांचे, आखडले तर निम्म्याहून आखूड होणारे. त्यांना उष्णता न देता ताणायचे आणि टोके झाकायची, म्हणून दोरा. मी ती चित्रे बघत राहिले. कुठे ते आणि कुठे आमचे परसदार! पण अडचण एक म्हणून उत्तरही एक.

मंडळी, आजीचे सगळे बरोबरच, असे म्हणणारी मी नाही. शिकवताना मुलांना पुरावा मागायला शिकवले, तर स्वतःही मागायला हवा. तेलाचा पुरावा मिळाला आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या रेले आणि मोहिले या दोन मराठी नावांच्या संशोधकांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल ही तिन्ही केसांना लावून, धुऊन, विंचरून केसातले प्रथिन किती जाते ते त्यांनी मोजले. प्रथिनाची झीज फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी झाली, धुण्याआधी लावले तरी आणि नंतर लावले तरी. कारण खोबरेलातले लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचे, ते केसाच्या आत शिरते. बाकीची तेले वरच राहतात. कंपनी स्वतः खोबरेल विकणारी आहे, हे लक्षात ठेवूनच वाचावे. पण खोबरेल केसाच्या आत शिरते हे त्याआधी २००१ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे, तंतूंचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या प्रयोगातही दिसले होते. म्हणजे न्हाण्याच्या आदल्या रात्रीचे तेल हे लाड नव्हते, ती तोटी बंद करणे होते. मात्र तेलाने केस "लवकर वाढतात", हे त्या अभ्यासांत कुठेही नाही. आजी तसे म्हणायची, तिथे मी तिच्याशी सहमत नाही.

मग बिघडले कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी. पहिले साबण. शिकेकाई किंचित आंबट असते, साबण खारट-तुरट अल्कलीचा. अल्कलीने केसावरची खवले उघडतात आणि एकमेकांत अडकतात. त्यात किनाऱ्यावरच्या विहिरींचे पाणी मचूळ. त्यात साबण फेसाळत नाही, उलट पांढरट थर केसांवर बसतो. मग आला शांपू. हा शब्द मूळ आपल्याकडचाच, चंपी या शब्दाच्या कुळातला. पाटण्याचे शेख दीन मोहम्मद यांनी १८१४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे आपले न्हाणीघर काढले आणि तिथे हा शब्द रुजवला. तेव्हा त्याचा अर्थ होता चोळणे, मालिश. आपल्याकडे तो फिरून बाटलीत आला, आणि बाटली परवडत नव्हती त्यांच्याकडे पुडीत. तमिळनाडूत कडलूरला १९८३ साली चिक शांपू निघाला आणि पुडीचा शांपू खेड्यापाड्यांत पोचला. सोय झाली हे खरेच. नोकरी करणाऱ्या बाईला शिकेकाई उकळायला वेळ कुठून? पण सोहळा गेला तसे तेल, रस आणि बोटांनी गुंता सोडवणे हेही गेले.

दुसरे बिघडले ते डोळ्यांत. सरळ केस म्हणजे नीटनेटके आणि कुरळे म्हणजे अवतार, हे कोणी ठरवले? राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत घाटकोपरला निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापांतली लक्ष्मी आणि सरस्वती बघा. लांब, लाटालाटांचे, मोकळे केस. घराघरांत भिंतीवर त्या देवी, आणि त्याच भिंतीखाली पोरीला ओरडा, "झिंज्या आवर आधी!" तिकडे युरोपात उलटा प्रकार. सरळ केसांच्या बायकांना कुरळे केस हवे होते म्हणून कार्ल नेस्लर या जर्मन कारागिराने १९०६ साली लंडनमध्ये विजेवर तापवलेल्या नळ्यांनी कायमचे कुरळे करण्याचे तंत्र लोकांपुढे मांडले. जे नाही ते हवे, हा मनुष्यस्वभाव. आपल्याकडे गेल्या पंचवीस वर्षांत सरळ करण्याची दुकाने झाली. त्यात मी सांगितलेले पक्के बंध तोडून नव्याने जोडतात. काही "केराटिन" उपचारांच्या द्रावात फॉर्माल्डिहाइड सापडल्याचे कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१० साली जाहीर केले, आणि फॉर्माल्डिहाइड हा कर्करोगाशी जोडलेला पदार्थ आहे. ज्याची त्याची मर्जी. फक्त सात इंच "मिळवण्यासाठी" आहेत ते तुटायला लावू नयेत, एवढेच म्हणणे.

इथवर सगळे सौंदर्याचे झाले. पण कुरळ्या केसांच्या गुंत्याला आपल्या महाराष्ट्रात एक काळी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. गुंता महिनोन्महिने सुटला नाही, आजारपण, बाळंतपण किंवा दुःखात केसांकडे बघायला कोणी नसले, की तेल, घाम, धूळ यांनी त्याची दोरी बनते. तिला जट म्हणतात. घाट चढून कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे गेलात की जट म्हणजे यल्लम्मा देवीचे बोलावणे, ही समजूत भेटते. जट कापायची नाही, विंचरायची नाही. कितीतरी मुलींना या जटेमुळे सौंदत्तीला नेऊन देवीला सोडले गेले. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला, २००५ साली महाराष्ट्राने नवा केला. कायद्याने प्रथा अडवता येते, पण मानेवरचे ओझे कात्रीनेच उतरते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जटा सोडवण्याचे काम हाती घेतले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, काम थांबले नाही. पुण्याच्या नंदिनी जाधव या कार्यकर्त्या गावोगाव जाऊन घरच्यांशी बोलतात, बाईच्या मनातली भीती घालवतात आणि मग जट कापतात. त्या मूळच्या ब्युटी पार्लर चालवणाऱ्या, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्यांना केस म्हणजे केस हे ठाऊक, त्यांना जटेची भीती कशी वाटेल?

ही समजूत आपल्याच मातीतली असे मानू नका. पोलंडमध्येही शेकडो वर्षे लोक केसांच्या गुंत्याची दोरी जपत, कापली तर आजार बळावेल म्हणत. क्राकूव्हचे डॉक्टर युझेफ डीट्ल यांनी एकोणिसाव्या शतकात हा अस्वच्छतेचा परिणाम आहे हे सांगून त्याविरुद्ध मोहीम काढली. तेच डीट्ल १८६६ साली त्या शहराचे महापौर झाले.

माझ्या वर्गातही अशी एक मुलगी आली होती, १९८० नंतरच्या काळात. नाव आणि गाव सांगत नाही. आई गेलेली, घाटावरून मामाकडे राहायला आलेली, केस दाट कुरळे आणि मानेवर मुठीएवढा गोळा. मामी म्हणाली, "देवीचा असात, हात कसो लावायचो?" मी देवीबद्दल एक अक्षर बोलले नाही. म्हटले, देवीचे असले तरी तेल लावायला काय हरकत आहे? दोन शनिवार दुपारी शाळेतल्या मावशी आणि मी तिला पायरीवर बसवून वाटीभर खोबरेल जिरवले आणि टोकाकडून एकेक बट बोटांनी मोकळी केली. कात्री थोडीच लागली. सगळे सुटल्यावर केस पाठीच्या मध्यापर्यंत आले. पोरगी मागे हात नेऊन चाचपत राहिली. "बाई, हे माझेच?" म्हणाली. तिचेच होते. गोळ्यात अडकून पडले होते.

म्हणून मला वाटते, केसांची ही बारीकसारीक माहिती नुसती नटण्यामुरडण्याची नाही. केस का आखडतो, का गुंततो हे जिला कळते ती स्वतःला अवलक्षणी समजत नाही आणि दुसऱ्या कोणाला देवीच्या नावाने घाबरवूही देत नाही.

आता नातीसाठी आणि तिच्या मैत्रिणींसाठी थोडक्यात. (ती म्हणते आजी, तुझे सगळे लॉरेन मॅसी यांच्या २००१ सालच्या कुरळ्या केसांवरच्या पुस्तकात आहे. असेल बाई. आजीच्या आजीने पुस्तक लिहिले नाही एवढेच.) लांबी मोजायची तर बट ताणून मोजा, तीन महिन्यांतून एकदा, रोज नाही. न्हाण्याआधी तेल. गुंता ओल्या, बुळबुळीत केसांतच सोडवा, टोकाकडून वर. ओला केस नाजूक असतो, त्याला झटके देऊ नका. झोपताना सैल वेणी. टोके फाटली असतील तर थोडी कापा. कापल्याने वाढ होत नाही, पण फाटणे वर चढत नाही. आणि पावसाळ्यात केस फुलले तर फुलू द्या. आपल्या किनाऱ्याची हवाच तशी आहे.

असो. घराण्यातल्या ज्यांच्याकडे आजीच्या पिढीची फणेरपेटी अजून असेल त्यांनी जरा उघडून बघावी. आत आगवळ सापडली तर फेकू नका, मला कळवा.